भिंतीपासून दोन फूट

बंगळुरात मल्लेश्वरमजवळ व्हायोलिनच्या आकाराचं चौडय्या सभागृह १९८० पासून उभं आहे. तिथून मैफल ऐकून आलेल्या एका रसिकाला घरची खोली खुपते: दहा फूट रुंद, खाली टाइल्स, चहूकडे सिमेंट.

कोपऱ्यातल्या स्पीकरांत तबल्याचा बायाँ फुगतो आणि गदगच्या भीमसेनांचा खर्ज त्यात बुडतो. भिंती खालचे स्वर परतवून वाढवतात. एवढ्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर तर घुमतच राहतो.

आज त्याने स्पीकर दोन फूट पुढे ओढले, खुर्चीशी समभुज त्रिकोण साधला. तानपुरा मोकळा झाला! मग बायको बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत गेली. खुर्चीतून त्यात जिथे स्पीकर दिसला, तिथूनच आवाज आपटून कानाशी येतो; तिथे आता पुस्तकांचं कपाट येणार.