लीगचा राजा विरुद्ध कपाचा राजा

झरी जामणीत आम्ही कबड्डीवर वाढलेली माणसं. फुटबॉलशी माझी ओळख शाळेच्या पटांगणात धुरळा उडवणाऱ्या पोरांपुरतीच होती. आता मात्र कुणीही भेटो, मी एकच विषय काढतो: सुपर कप!

लीग म्हणजे आपली कपाशी. पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत महिनोन् महिने टिकून राहायचं. एक सामना हातचा गेला तरी पुढच्यात भरून काढायचा. बाद फेरीचा कप म्हणजे बैलजोड्यांचा शंकरपट. जोडी एकदा बिचकली की संपलं. आणि हे दोन वेगळ्याच मातीचे विजेते नव्या मोसमाच्या तोंडावर एका मैदानात आमनेसामने! इंग्लंडात ही लढत कित्येक वर्षांपासून चालत आलीय आणि मला पत्ताच नव्हता.

मी पाहिलेली पहिली लढत १० ऑगस्ट २०२५ची, लंडनच्या वेम्बलीवरची. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, बाहेर पाऊस, हातात मोबाईल. एकीकडे लिव्हरपूल, विसाव्यांदा लीग जिंकलेला. दुसरीकडे क्रिस्टल पॅलेस, १९०५चा क्लब, ज्याने आपला पहिला मोठा करंडक, एफए कप, अवघ्या तीन महिन्यांपूर्वी मँचेस्टर सिटीला १-० हरवून उचलला होता. चौथ्याच मिनिटाला एकितिकेने लिव्हरपूलला पुढे नेलं. मातेताने पेनल्टीवर बरोबरी केली. फ्रिम्पाँगने पुन्हा आघाडी मिळवून दिली. ७७व्या मिनिटाला सारने २-२ केलं, आणि घरातले सगळे दारात येऊन उभे, मी एवढा ओरडलो होतो! जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. सालाहचा फटका गोलपोस्टच्या वरून गेला. गोलरक्षक हेंडरसनने दोन अडवले. शेवटचा फटका मारायला आला जस्टिन डेव्हेनी, जेमतेम एकवीस वर्षांचा. त्याने चेंडू जाळ्यात धाडला आणि पॅलेस ३-२ने जिंकला.

रात्री झोप कसली लागते! शोधत बसलो आणि कळलं की हे आपल्याकडेही होतं. १९९७पासून २०११पर्यंत राष्ट्रीय लीगचा विजेता आणि फेडरेशन कपचा विजेता सुपर कपसाठी भिडत. आणि त्यात आपले शेजारी गोवेकर! वास्कोच्या साळगावकरने १९९८ आणि १९९९ असा लागोपाठ दोनदा तो जिंकला. धेंपोने २००८ आणि २०१०ला. २०११ला ईस्ट बंगालने साळगावकरला नमवलं, तेही पेनल्टीवरच.

दुसऱ्या दिवशी हे पटांगणावरच्या पोरांना सांगितलं, तर एकाने लगेच विचारलं, "मंग दोन्ही एकाच टीमनं जितलं तं कोन खेयते जी?" काय प्रश्न काढला पोराने! मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६च्या मोसमात नेमकं तेच केलं होतं. डेरिक परेरा प्रशिक्षक, आणि लीगही त्यांची, फेडरेशन कपही त्यांचाच. इंग्लंडात अशा वेळी लीगमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला बोलावतात. तो महिंद्रा क्लब २०१०मध्ये बंद झाला, हे वाचून जीव हळहळला. ज्या क्लबचं नाव आदल्या रात्रीपर्यंत ऐकलंही नव्हतं, त्याच्यासाठी.

२०१८पासून आपला सुपर कप ही अनेक संघांची वेगळी स्पर्धा झालीय. एफसी गोवाने २०१९ला आणि २०२५ला ती जिंकली, त्याचा आनंद आहेच. पण ती एका रात्रीची लढत गेली, आणि माझ्या मते हे मोठं नुकसान आहे. इंडियन सुपर लीगकडेच बघा ना! तिथे साखळीतल्या अव्वल संघाला शील्ड मिळायची आणि अंतिम सामना जिंकणाऱ्याला कप. २०२२-२३मध्ये शील्ड मुंबई सिटीची, कप मोहन बागानचा. पुढच्या वर्षी अगदी उलट! १५ एप्रिल २०२४ला साखळीच्या शेवटच्या सामन्यात बागानने मुंबईला २-१ हरवून शील्ड हिसकावली, आणि ४ मेला कोलकात्यात, त्यांच्याच हजारो प्रेक्षकांसमोर, मुंबईने ३-१ने कप नेला. लागोपाठ दोन वर्षं तेच दोन संघ, एकाकडे शील्ड, दुसऱ्याकडे कप. यांना ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी मुंबईत कूपरेजवर किंवा गोव्यात फातोर्ड्याला भिडवलं असतं तर? मी पहिल्यांदाच झरीहून फुटबॉलसाठी गाडी पकडली असती, आणि तो प्रश्न विचारणाऱ्या पोरालाही सोबत नेलं असतं.