परतावा

स्वतःचेच पैसे परत मिळण्याचा आनंद हरवलेली छत्री सापडल्यासारखा असतो. छत्री आपलीच, पण सापडली की कुणीतरी बक्षीस दिल्यासारखे वाटते. २०२३ च्या जुलैअखेरीस मी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले, तेव्हा सरकारकडून मला १८,२४० रुपये येणे निघाले. त्यात दोष माझाच. घरभाड्याच्या पावत्या जानेवारीत कचेरीत द्यायच्या, त्या कपाटातच राहिल्या आणि पगारातून जादा कर कापला गेला. (घरभाड्याच्या सवलतीसाठी त्या वर्षी मुंबईकराला पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा होती आणि पुणेकराला ४०! पुण्यात राहून हे सोसायचे म्हणजे काय, ते पुणेकरच जाणे.)

हे पैसे मी मनातल्या मनात आईच्या नावे करून टाकले. तिला अलीकडे ऐकू कमी येत होते आणि कानाच्या यंत्राची किंमतही साधारण तेवढीच होती. "गणपतीच्या आत पैसे येतील, मग घेऊ," मी तिला ओरडून सांगितले.

"गणपतीत कशाला रे? पुण्यात त्या दहा दिवसांत बहिरेपणच बरे," आई म्हणाली.

विवरणपत्रे तपासण्याचे केंद्र बंगळूरला आहे. तिथून ऑगस्टात निरोप आला, की परतावा मंजूर. पुढे सामसूम. गणपती आले आणि गेले. सारसबागेतल्या आमच्या बाकावर मी रोज संध्याकाळी सरकारचा उद्धार करू लागलो. "आपण कर थकवला तर महिन्याला १ टक्का व्याज आणि त्यांनी आपले पैसे ठेवले तर अर्धाच टक्का!" हे माझे आवडते वाक्य. ते खरे होते, त्यामुळे बोलताना विशेष चेव येई.

साताऱ्याहून मावशीचा दर गुरुवारी फोन येत असे. आईला त्यातले निम्मे ऐकू येई. उरलेल्या निम्म्याला ती "छान, छान" म्हणे. नवरात्राच्या तोंडावर मावशीने सांगितले, की न्हाणीघरात पडले, हात मोडला.

"वा, छान झालं!" आई म्हणाली.

पुढचे तीन गुरुवार फोन आला नाही. मग मावसभावाने मलाच फोन करून खुलासा विचारला.

माझ्याजवळ पैसे नव्हते असे नाही, हे लिहिताना लाज वाटते. थोडी ओढाताण झाली असती, इतकेच. पण परतावा येणार म्हणून मी आईचे कान सरकारच्या हवाली करून स्वस्थ बसलो होतो. वसुबारसेला जाऊन यंत्र घेऊन आलो. ते कानात बसताच आईने पहिली तक्रार केली, "तुम्ही सगळे एवढे ओरडून का बोलता?" मग तिने साताऱ्याला फोन लावायला सांगितला. "अक्का, कुठला गं हात? उजवा?" त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही. नुसती ऐकत होती.

डिसेंबरात भाच्याने माझी न उघडलेली ईमेल चाळली. ऑगस्टपासून तिथे एक पत्र पडून होते. पॅनकार्डावर माझे नाव पूर्ण, बँकेत नुसती आद्याक्षरे. नावे जुळेनात म्हणून परतावा खात्यात जमाच झाला नव्हता. बँकेतले नाव दुरुस्त करून पुन्हा विनंती केली. सारसबागेत हे मी अद्याप कुणाला सांगितलेले नाही.

फेब्रुवारीत १८,६९५ रुपये जमा झाले. त्यातले ४५५ रुपये एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांचे व्याज. पुढचा उशीर माझा, त्याला व्याज नाही. शिवाय ते ४५५ म्हणजे माझे उत्पन्नच, तेव्हा पुढच्या विवरणपत्रात तेही मांडले.

पैसे जमा झाल्याचा निरोप आला तेव्हा मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रात डोके घालून बसलो होतो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, तुझा फोन वाजला बघ."