अब्बांच्या गाडीचा इंडिकेटर

मागच्या वर्षी उसाच्या हंगामात एका पोरानं अब्बांच्या गाडीला मागून धडक दिली. कबनूरकडून इचलकरंजीत येताना अब्बा उजवीकडे गल्लीत वळत होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी इंडिकेटर दिला होता. पोराच्या म्हणण्याप्रमाणे काहीच दिलं नव्हतं. दोघंही खरं बोलत होते. अब्बांनी बटण दाबलं होतं, पण मागचा उजवा बल्ब उडालेला होता. मीटरमधला छोटा हिरवा दिवा, जो इंडिकेटर चालू असल्याचं सांगतो, तो तर कधीचाच गेलेला. राहिली फ्लॅशरची टिकटिक. ती अब्बांना ऐकू येत नाही.

अब्बांनी ३८ वर्षं यंत्रमागावर काढली, त्यातली बरीचशी जॉबर म्हणून. ज्यांनी माग चालू असलेला कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांना सांगतो, तिथं शेजारी उभ्या माणसाशीही ओठ वाचून किंवा हातवारे करून बोलावं लागतं. धोटा एका बाजूकडून दुसरीकडे फेकला जातो, प्रत्येक फेकीला खटका बसतो, आणि असे वीस-पंचवीस माग एका पत्र्याखाली एकदम चालतात. अशा आवाजानं आधी बारीक, उंच स्वर जातात. अब्बांना ट्रकचा घरघराट कळतो; पण 'स' आणि 'श' कळत नाहीत, नातीचा आवाज कळत नाही आणि टिकटिक तर नाहीच.

धडक किरकोळ होती. गुडघा खरचटला, लेग गार्ड वाकला. पोरगाच जास्त घाबरला होता, त्याला अब्बांनीच चहा पाजला. पण घरात अम्मीनं निकाल दिला : गाडी विकायची. बहिणीनं फोनवरून री ओढली. मी पुण्याहून आलो तेव्हा अब्बा ओसरीवर बसून काहीच बोलत नव्हते. आता ते रोज कामाला जात नाहीत. पण कुणाचा माग अडला की अजून रात्री-अपरात्री बोलावणं येतं, आणि ते जातात. पैसे थोडेच मिळतात. गाडी गेली की ते बोलावणंही जाणार, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मी म्हटलं, "मला दोन दिवस द्या. सगळे दिवे बदलून एलईडी करतो. लांबून दिसतील असे."

अम्मी म्हणाली, "ईदपर्यंत बघते. नाहीतर भंगारवाला आहेच."

गाडी पंचवीस वर्षांची, शंभर सीसीची, १२ व्होल्टची. चार इंडिकेटरचे बल्ब प्रत्येकी १० वॉटचे, मीटरमध्ये चिमुकले काचेचे बल्ब. मी ऑनलाइन दिव्यांचा संच मागवला, दोन व्हिडिओ पाहिले आणि रविवारी सकाळी अंगणात बसलो. अब्बा स्टुलावर बसून बघत होते. माझ्या हातात पाना बघून त्यांना काय वाटत असेल, ते त्यांनी सांगितलं नाही. मी कॉमर्सचा विद्यार्थी.

आधी मीटर उघडलं. खालून रबरी होल्डर ओढून काढले, जुने बल्ब उपसले. एका बल्बची काच आतून काळी झाली होती, दुसऱ्याची तार तुटून लोंबत होती. तिथं नवे पांढरे एलईडी खोचले. पांढरा एलईडी म्हणजे आत निळा दिवा आणि त्यावर पिवळट रसायनाचा लेप. हा निळा दिवा बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. अब्बांच्या मीटरमध्ये मात्र त्याच निळ्यानं पहिला घोटाळा केला. संध्याकाळी गाडी सुरू केली तर मीटर दवाखान्यातल्या ट्यूबलाइटसारखं पेटलं, तेही एकाच जागी. तीसच्या आकड्यावर लखलखाट आणि साठपुढे अंधार. जुना बल्ब चहूबाजूंनी उजेड फेकतो, मीटरची आतली रचना त्याच हिशेबानं केलेली असते. एलईडी नाकासमोरच बघतो. त्यात दिवा फडफडत होता. कारण या जुन्या गाडीत हेडलाइट, टेललाइट आणि मीटरचा उजेड बॅटरीवर नसून थेट इंजिनच्या कॉइलवरून येणाऱ्या एसी करंटवर चालतो. एलईडी करंट एकाच दिशेनं घेतो, उलट्या फेरीला विझतो. बल्बच्या तारेला विझायला वेळ लागतो म्हणून तिथं हे कळत नाही.

अब्बा एक चक्कर मारून आले. म्हणाले, "मीटर दिसतंय रे. रस्ता दिसेना."

त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, अजून ऑपरेशनला आलेला नाही. समोर पांढरा झगझगाट असला की त्यांना सगळं धुक्यात दिसतं. मी मोतीबिंदूचा विचारच केला नव्हता. जास्त उजेड म्हणजे जास्त सोय, असं मी गृहीत धरलं होतं. दुसऱ्या दिवशी पिवळट उजेडाचे, बाजूंनाही चिप असलेले दिवे आणले, त्यांचं तोंड पॉलिश पेपरनं घासून धुरकट केलं आणि मीटरची वायर किल्लीनंतरच्या बॅटरी लाइनवर घेतली. एवढ्याशा दिव्याचं बॅटरीला ओझं नाही. आता मीटरवर जुन्या कंदिलासारखा सारखा उजेड आहे. ही एक गोष्ट पहिल्या नाही तरी दुसऱ्या झटक्यात जमली.

इंडिकेटरनं मात्र घाम काढला.

चारही बल्ब काढून एलईडी लावले आणि डावं बटण दाबलं. दिवे लागले, पण लुकलुकले नाहीत. नुसते पेटून राहिले. मला वाटलं, माल खराब आहे. अब्बा स्टुलावरून म्हणाले, "फ्लॅशरला भार मिळंना." त्यांनी गाडीची वायरिंग कधी केलेली नाही, पण यंत्र कसं विचार करतं ते त्यांना माहीत आहे. जुन्या फ्लॅशरच्या डबीत एक धातूची पट्टी असते. करंट गेला की तापते, वाकते, जोड सुटतो. थंड झाली की परत चिकटते. तेच लुकलुकणं. दहा-दहाचे दोन बल्ब म्हणजे २० वॉट, जवळपास पावणेदोन अँपिअर. एवढ्या करंटवर ती पट्टी तापते. माझे दोन एलईडी मिळून दोन वॉटचे. पट्टीला ऊबसुद्धा लागेना.

याला दोन उपाय आहेत. एक, प्रत्येक बाजूला रेझिस्टन्स लावून खोटा भार निर्माण करायचा. बरेच जण तसं करतात. पण वाचवलेली वीज पुन्हा उष्णता करून उडवायची, आणि तो रेझिस्टन्स इतका तापतो की प्लॅस्टिकला टेकला तर ते वितळतं. दुसरा, भाराशी देणंघेणं नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावायचा. तो मी स्टँडजवळच्या दुकानातून आणला. लावला. डावं बटण दाबलं. चारही दिवे लुकलुकायला लागले.

शेजारचे चाचा भिंतीवरून डोकावून म्हणाले, "वरातीची गाडी केली का?"

हे कोडं सोडवायला मला अर्धा दिवस लागला. या गाडीच्या मीटरमध्ये डाव्या-उजव्या दोन्हींसाठी एकच हिरवा दिवा आहे. त्याचं एक टोक डाव्या वायरला, दुसरं उजव्या वायरला. डावा इंडिकेटर चालू असताना करंट त्या हिरव्या दिव्यातून जातो आणि उजव्या बाजूच्या बल्बमधून अर्थला उतरतो. उजवा बल्ब तारेचा असेल तर इतक्याशा करंटनं तो पेटत नाही, नुसता रस्ता देतो. पण एलईडीला इतकंसंही पुरतं. तो रस्ताही देतो आणि स्वतःही पेटतो. म्हणजे डावीकडे वळताना उजवाही लागणार. मागच्याला काय कळावं? जी धडक टाळायला हे सगळं मांडलं, तिचं आमंत्रणच मी देत होतो. यावर दोन डायोड घालून हिरव्या दिव्याचं दुसरं टोक अर्थला न्यायचं, असा उपाय आहे. चार-पाच रुपयांचे डायोड.

पण मी डायोड जोडायला बसलो तेव्हा अब्बांनी हात धरला. "हे सगळं झाल्यावर एखादा दिवा उडाला, तर मला कळणार कसं?"

मी म्हटलं, "एलईडी लवकर उडत नाहीत, अब्बा. त्यात तार नाही तुटायला."

"पण उडाला तर?"

मी गप्प झालो. जुन्या फ्लॅशरवर एक बल्ब गेला की भार निम्मा होतो आणि चाल बिघडते, कधी दिवा नुसता पेटून राहतो. आपल्याला ती खोड वाटते, पण ती खबर असते. नव्या फ्लॅशरला भाराशी देणंघेणंच नाही. एक दिवा गेला तरी तो त्याच चालीत लुकलुकत राहणार, मीटरमधला हिरवा दिवाही मजेत लुकलुकणार, आणि मागं अंधार.

अब्बा म्हणाले, "मागात बाणा तुटला की फोर्कला कळतं आणि माग आपसूक थांबतो. थांबला नाही तर कापड विणल्यासारखं दिसतं आणि निघतं फाटकं. थांबणारा माग वाईट नसतो रे."

मी त्यांच्या कारखान्यात लहानपणी डबा घेऊन जायचो. बंद पडलेल्या मागाशी अब्बा उभे असायचे आणि मला वाटायचं, अब्बांचा माग सारखा बिघडतो.

मी बझर सुचवला. फ्लॅशरला जोडायचा, इंडिकेटर चालू असला की पीं-पीं वाजतो, चाळीस रुपयांचा. जोडून वाजवला. अम्मी आतून "बंद करा ते" म्हणून ओरडली. अब्बा विचारत होते, "लावलास का?" त्या बझरचा बारीक स्वर नेमका तोच होता, जो मागांनी त्यांच्या कानातून नेलेला.

शेवटी डायोडही लागले नाहीत. मीटरमधला एकुलता हिरवा दिवा आम्ही काढूनच टाकला आणि हँडलवर, मीटरच्या दोन बाजूंना दोन वेगळे दिवे बसवले, डाव्याचा डावीकडे, उजव्याचा उजवीकडे, प्रत्येकाचा स्वतंत्र अर्थ. करंटला पलीकडे जायची वाटच उरली नाही. भोकं अब्बांनी पाडली, पत्र्याची पट्टीही त्यांनीच वाकवली. ते काम माझ्याच्यानं झालं नसतं. दिवे नखाएवढे आहेत, पण नजर खाली न नेता दिसतात. इंडिकेटर चालूच राहण्याची अब्बांची जुनी सवय त्यानंतर बरीच कमी झाली.

इंडिकेटरमध्ये आधी पांढरे एलईडी होते, तेही बदलले. नारिंगी काचेमागं पांढरा एलईडी फिकट, पाण्यासारखा दिसतो. नारिंगी काचेमागं नारिंगीच हवा. कायद्यालाही इंडिकेटर नारिंगीच लागतो आणि मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणारा. आमचा घड्याळ लावून मोजला, ८४ भरला. हेडलाइटला हात लावला नाही. साध्या बल्बसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घालून समोरच्याच्या डोळ्यात भाला खुपसणारी पोरं रोज रस्त्यावर भेटतात, त्यांत अब्बांची भर नको. मोतीबिंदू समोरच्यालाही असू शकतो.

राहिला अब्बांचा प्रश्न, दिवा उडाला तर कळणार कसं. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी स्वतःच काढलं. आता ते गाडी उलटी लावतात, मागची बाजू चाचांच्या चुन्याच्या भिंतीकडे. निघायच्या आधी किल्ली फिरवतात, डावं बटण, मग उजवं, आणि मान वळवून भिंत बघतात. दिवसा नीट दिसत नसेल तर इंडिकेटरवर तळहाताची ओंजळ धरतात. पुढच्यांसाठी तोच तळहात.

ईद झाली. भंगारवाल्याचा विषय अम्मीनं काढला नाही, मीही आठवण करून दिली नाही.

जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी अब्बांचा फोन आला. ते फोनवर मोठ्यानं बोलतात, त्यामुळे माझ्या ऑफिसातल्या चार जणांनीही ऐकलं. "मागचा उजवा भिंतीवर येईना. पाणी शिरलं होतं, होल्डर हिरवा पडलेला. घासला, आला. तू येताना त्याच्या काचेचं रबर तेवढं घेऊन ये."

"आणतो. पण आता पावसात कुठं निघालात?"

त्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असावं. फोन ठेवला होता.