क्षयाची साक्ष

आनेकलच्या खाणींत फुटणारा पाषाण दक्षिणेच्या द्वीपकल्पीय पट्टिताश्मांच्या कुळातला. त्याच कुळातील, बंगळुरूच्या लालबागेतला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा मानला जातो. अशा खडकांचे वय सांगतो तो क्षयच. त्यांतील झिर्कॉनचे स्फटिक घडताना युरेनियमला थारा देतात, शिशाला जवळजवळ नाही. पुढे युरेनियम-२३८ चे शिसे-२०६ होत जाते. निम्मे अणू सरण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. युरेनियम-२३५ चे शिसे-२०७ होते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ७० कोटी वर्षे. या दोन समस्थानिकांची साक्ष जुळली, की कालनिर्णय विश्वसनीय ठरतो. माणूस क्षयाला विस्मृतीचा सोयरा समजतो. पाषाणात तोच स्मृती लिहितो. खडी होऊन रस्त्याखाली गेलेल्या दगडातही हा हिशेब चालू राहतो; तो कोणत्या डोंगराचा होता, हे मात्र कायमचे पुसले जाते.