चाकांवरचे माहेर

दिवाळीचा फराळ करणे सोपे, पण तो पाठवणे कठीण. चकली बिघडली तर तिचे कडबोळे करता येते, चिवडा खारट झाला तर त्यात आणखी पोहे ढकलता येतात. पण पत्ता बिघडला तर काय करायचे? यंदा लातूरच्या कुरिअरच्या दुकानात डबा पुढे ठेवून मी मुकाट उभी राहिले. तिथला मुलगा म्हणाला, "आजी, पत्ता सांगा." पत्ता मला तोंडपाठ होता. तो किती दिवस खरा राहील, एवढेच मला ठाऊक नव्हते.

आमचा धाकटा अमेरिकेत असतो. वीस-बावीस वर्षे तो तिथे चारचौघांसारखा राहिला. नोकरी, घर, घरापुढे हिरवळ आणि तळघरात अडगळ. दोन वर्षांपूर्वी मुलगी कॉलेजात गेली, आणि नवरा-बायकोने घर विकून एक मोटारघर घेतले. म्हणजे मोटारीच्याच पाठीवर बिछाना, शेगडी, न्हाणीघर, सगळे काही. उन्हाळाभर ती दोघे कुठल्यातरी रानात, तळ्याकाठी, सहलीला येणाऱ्या लोकांच्या तळावर काम करतात. आलेल्याला जागा दाखवायची, शेकोट्यांची राख काढायची, संडास धुवायचे. मोबदल्यात गाडी उभी करायला फुकट जागा, वीज आणि पाणी. सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचे, होडी वल्हवायची. ऑक्टोबर लागला की उत्तरेकडे मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर साखरेच्या बीटाचा हंगाम असतो. तिथे बारा-बारा तासांच्या पाळ्यांत शेतातून आलेल्या बीटाचे डोंगर रचायचे. थंडी वाढली की ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरायचे. पाखरे करतात तसेच.

ही बातमी आमच्या घरी फुटली तेव्हा पहिल्यांदा सर्वांनी आवाज खाली केला. नोकरी गेली काय? कर्ज झाले काय? मोठ्या जाऊबाई स्पष्टवक्त्या. त्या म्हणाल्या, "एवढं शिकून शेवटी पालच ठोकलं म्हणायचं!" आणि मग कुणालातरी काहीतरी आठवले, सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिले, आणि विषय बदलला.

कारण माझे माहेरच चाकांवर होते.

माझ्या वडिलांची टूरिंग टॉकीज होती. हल्लीच्या मुलांना हे सांगावे लागते. एक जुनी बेडफोर्ड लॉरी, तिच्यात सिनेमाचे मशीन, एक तेलावरचे इंजिन, तंबूचे कापड, कनाती, बांबू, कर्णा आणि आम्ही. दसरा-दिवाळी झाली की निघायचे आणि मृगाच्या तोंडाशी परतायचे. पावसाळ्याचे चार महिने लातुरात भाड्याच्या दोन खोल्या. (लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली.) उरलेले आठ महिने ज्या गावाची जत्रा ते आमचे गाव.

ड्रायव्हरच्या पाठीमागे फळ्यांची एक आडभिंत होती. तिच्या अलीकडे आमचा संसार, पलीकडे मशीन. दोन ट्रंका जोडल्या की माझा पलंग होई. बादल्या लॉरीच्या पोटाखाली आकड्यांना टांगलेल्या. डालड्याच्या डब्यात तुळस होती, तीही लॉरीच्या मागच्या फळीला तारेने बांधलेली. सिनेमाच्या रिळांच्या पेट्यांजवळ विस्तव न्यायचा नाही, हा वडिलांच्या घरातला एकुलता एक सोवळ्याचा नियम. म्हणून चूल नेहमी बाहेर, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, तीन दगडांची. गाव बदलले की आई आधी दगड शोधी. अजून कुठे चांगला सपाट दगड दिसला की माझे पाऊल थबकते.

दत्तजयंतीला माहूर. तिथून घाट उतरून, किनवटचे सागाचे रान ओलांडून नांदेड. वाटेत इस्लापूरजवळ सहस्रकुंडाला वडील हटकून लॉरी थांबवीत. पैनगंगा तिथे काळ्या खडकावरून स्वतःला खाली टाकते. तिच्या तुषारांत उभे राहून आम्ही भाऊ-बहीण ओरडत असू, आणि आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही म्हणून आणखी ओरडत असू. रात्री रानात मुक्काम पडला तर वडील इंजिन चालू ठेवीत. उजेडाने जनावर जवळ येत नाही, असे त्यांचे मत. जनावराचे मत कधी कळले नाही.

मग माळेगाव. नांदेडहून लातूरकडे येताना लोह्याजवळ हे खंडोबाचे ठाणे लागते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला जत्रा भरते, आणि सबंध माळावर पाले उभी राहतात. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, तमाशाचे फड, वैदू, घिसाडी, जोशी, गोसावी, वडार, सारे भटके इथे एकत्र येत. त्यांची लग्ने इथे ठरत, भांडणे इथे तुटत. ‘येळकोट येळकोट’च्या गजरात भंडारा असा उधळे की आमची लॉरी दोन दिवस पिवळी दिसे. लहानपणी मला वाटे, जगातल्या सगळ्या माणसांची घरे अशीच असतात आणि जी हलत नाहीत ती मोडली असावीत.

अंधार पडला की खेळ सुरू. पडदा मध्ये आणि माणसे दोन्ही बाजूंना. उलट्या बाजूने पाहणाऱ्यांना सगळे नायक डावखुरे दिसत, पण त्याची कुणी तक्रार केली नाही. ‘सांगत्ये ऐका’ हा १९५९ सालचा सिनेमा मी पाहिला कमी आणि नावाप्रमाणे ऐकलाच जास्त. लॉरीत ट्रंकेवर पडल्या पडल्या, मशीनच्या घरघरीवर डोके ठेवून. कार्बनची कांडी जळताना येणारा तो उग्र वास म्हणजे माझ्या लेखी अंगाईचा वास आहे.

चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. आमच्या भागात त्या दिवशी गाव ओस पडते. माणसे बायकामुलांसह शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात, भज्जी, उंडे, आंबील यांचे जेवण होते, आणि वाटेवरच्या परक्यालाही हाका मारून जेवायला बसवतात. आम्हांला शेत नव्हते. पण आम्ही वाटेवरचे परके होतो, म्हणून येळवशीला उपाशी कधी राहिलो नाही. आई मात्र त्या हाकेला जाताना पदर नीट करी आणि म्हणे, "एकदा तरी मला कुणाला हाक मारू द्या."

आईचे दुःख मला फार उशिरा कळले. माझे स्वतःचे मात्र वेळेवर कळले होते. वडील ज्या गावी मुक्काम लांबेल तिथल्या शाळेत मला नेऊन बसवीत. मी चार गावांत शाळेत गेले, आणि चारही ठिकाणी बाराचा पाढा चालू होता. बारापर्यंत मी पक्की झाले. तेराशी माझी गाठ पडली ती लग्नानंतर, मुलांचा अभ्यास घेताना. सातवीपुढे शाळा सुटली. वडिलांना मी कधी काही बोलले नाही. पण भावाला दोन वर्षे आत्याकडे नांदेडला ठेवून शिकवले आणि मला नाही, ही गोष्ट आज इतक्या वर्षांनी लिहिताना हात जरा जड होतोच.

१९७१ साली मला पाहायला आले. सासऱ्यांनी विचारले, "आपलं गाव कुठलं?" वडील म्हणाले, "सध्या निलंग्याला आहोत." सासरे म्हणाले, "सध्याचं नको, कायमचं सांगा." वडील टोपी काढून तिच्यात पाहू लागले. शेवटी आतून आईच म्हणाली, "पावसाळ्यात लातूरला असतो."

तेवढ्यावर लग्न ठरले. औसा तालुक्यातले गाव, दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर मातीचे जड माळवद. पहिल्या रात्री मला झोप येईना. घर काही केल्या हलतच नव्हते. माहेरी पत्र पाठवायचे म्हणजे आधी पंचांग पाहायचे, कुठली जत्रा चालू आहे ते ठरवायचे आणि लिहायचे: "टूरिंग टॉकीज, माळेगावची जत्रा, तालुका कंधार." आणि सांगायला अभिमान वाटतो, एकही पत्र हरवले नाही! भाऊबीजेला लॉरी निघण्याच्या तयारीत असे. मी भावाला ओवाळी ते तिच्या मागच्या फळीशी, आणि ओवाळून झाले की तो ताटात रुपया टाकून टप ताणायला चढे.

पुढे दूरदर्शन आले, व्हिडिओ आले. वडील गेले. १९८७ साली भावाने खेळ बंद केला, लातूरला घर बांधले, लॉरी परसात उभी करून टाकली. आईला अखेर भिंती मिळाल्या. वृंदावन मिळाले. डालड्याचा डबा तिने धुऊन माळ्यावर ठेवला.

आणि मग १९९३ सालचा तो दिवस. गणपतीचे विसर्जन करून गाव झोपले होते. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात धरणी हलली. ज्या भिंतींच्या रुंदीचा आम्हांला अभिमान, त्याच भिंती माणसांवर पडल्या. दगड सुटे झाले आणि माळवदाची माती वरून आली. हजारो माणसे गेली. आमच्या घरातली माणसे वाचली. माझी एक चुलत सासू तेवढी गेली, तिच्या उशाशी नातवंडाचा झोका होता. झोक्यातले मूल जिवंत निघाले. वर पाऊस लागला. याहून अधिक मला लिहिता येत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेताच्या वाटेने एक इंजिन खोकत येताना ऐकू आले. मी आवाज ओळखला. भावाने सहा वर्षे बंद असलेली लॉरी दोन मेकॅनिक लावून चालू केली होती. पुढच्या बाकावर आई बसली होती, मांडीवर तुळशीचा डबा. लातुरातही तेव्हा कुणी घरात झोपायला धजत नव्हते. आई खाली उतरली, आधी दगड शोधले, चूल मांडली, मग वाकून लॉरीच्या पोटाखाली हात घालून आकडे चाचपले. होते. तिने बादल्या टांगल्या.

संक्रांतीपर्यंत आम्ही नऊ माणसे त्या लॉरीत आणि तिच्या टपाखाली राहिलो. त्या वर्षी येळवशीला शेतात जायचा प्रश्नच नव्हता. सगळी गावे शेतांतच राहत होती. सुतक म्हणून कुणी काही केले नाही. आईने मात्र हंडाभर आंबील केली आणि बांधाबांधावर उभी राहून आसपासच्या पालांना हाका मारल्या.

एका रात्री मी तिला म्हटले, "जन्मभर भिंतींसाठी झुरलीस, आणि आता बघ."

ती म्हणाली, "भिंतींसाठी कोण झुरलं ग? लॉरी हलायच्या आधी मला कुणी विचारलं असतं तर बास होतं."

अमेरिकेत अशी मोटारघरे करून राहणारी माणसे पुष्कळ आहेत म्हणे. ‘नोमॅडलँड’ नावाचा त्यांच्यावरचा सिनेमा २०२१ साली ऑस्करचा सर्वोत्तम ठरला. नातीने मला तो दाखवला. त्यातली पुष्कळशी माणसे खरीच गाड्यांत राहणारी आहेत. काही हौसेने निघालेली, आणि काहींची घरे २००८ सालच्या मंदीनंतर गेलेली. सिनेमात बीटाचे डोंगर दिसले तेव्हा मला आमचे ऊसतोडीचे तांडे आठवले. दिवाळी आली की मराठवाड्यातून बैलगाड्या, ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्चून झालेली, आणि शाळेतले मूल गाडीतल्या भांड्यांवर बसलेले. तेही चाकांवरच राहतात. त्यांची छायाचित्रे कुणी कौतुकाने पाठवत नाही. मुलाने मला आपल्या गाडीची छायाचित्रे पाठवली, तेव्हा हे मी त्याला सांगितले. तो ऐकून घेतो, हा त्याचा गुण.

घर विकल्याचे त्याने फोनवर सांगितले, तेव्हा मी एकच प्रश्न विचारला होता, "सूनबाईला विचारलंस का?"

तो हसत सुटला. "आई, कल्पना तिचीच आहे. मीच सहा महिने नाही म्हणत होतो."

मग सूनबाईने फोन घेतला. आजेसासूबाईंच्या लॉरीच्या गोष्टी तिने मुलाकडून ऐकल्या होत्या. तिला विचारायचे होते, की वळणावर तुळशीचा डबा पडू नये म्हणून तार नेमकी कशी बांधीत असत. मी सांगितले: आधी डब्याच्या कडेला दोन भोके, मग तार आडवी नाही, उलट्या आठाच्या आकड्यासारखी. तिने कागदावर लिहून घेतले.

"आजी, पत्ता," कुरिअरचा मुलगा पुन्हा म्हणाला.

मी सांगितला. बीटाच्या कामगारांचा तळ, तळाचे ऑफिस, मिनेसोटा. तो लिहीत गेला आणि मग त्याने विचारले, "हा कायमचा पत्ता आहे ना?"

"ऑक्टोबरअखेरपर्यंतचा," मी म्हटले. "डबा त्याआधी पोचायला हवा. त्यात बेसनाचे लाडू आहेत, जरा जपून."