शेवटच्या जागेवर बसायचं कसं?

मी अकरावीत आहे, वसईत राहते. यंदाच्या उपवासकाळात मटण-मासळी सोडण्याबरोबर आणखी एक गोष्ट करायची ठरवली: नम्र व्हायचं. मटण सोडणं सोपं आहे, ताटात वाढून घेतलं नाही की झालं. नम्रतेत नेमकं काय सोडायचं हेच कळेना.

दहावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या नाक्यावर माझ्या फोटोचा आणि टक्क्यांचा फ्लेक्स लागला होता. पप्पांच्या मित्रांनी हौसेने लावला. आजीने तो रिक्षा थांबवून पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. मलाही तो आवडला होता, खोटं कशाला बोलू? पुढे कॉलेजात व्यक्तिमत्त्व विकासाचं सत्र झालं. तिथे सांगितलं की दोन मिनिटांत स्वतःबद्दल असं बोला की समोरचा तुम्हाला विसरणार नाही. मोबाइल उघडला की तेच. आपण दिसलो नाही तर आपण नाहीच, असं माझ्या वयाच्या सगळ्यांना आतून वाटत असतं. ती भीती खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही.

मग लूकच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय वाचला. मेजवानीला गेलास तर शेवटच्या जागी बस, म्हणजे यजमान येऊन तुला वर बसवेल, असं येशू सांगतो. मी गोंधळले. शेवटच्या जागी बसलेला माणूस मनात वरच्याच जागेची वाट पाहत असेल तर? मी वर्गात गप्प राहायला लागले, कुणी कौतुक केलं की विषय बदलायला लागले, आणि प्रत्येक वेळी आतून कुणीतरी म्हणायचं, बघ, किती नम्र आहेस! म्हणजे मी पूर्वीपेक्षा जास्तच स्वतःकडे बघत होते.

धर्मशिक्षणाच्या टीचरना विचारलं. त्यांनी फिलिप्पैकरांस लिहिलेलं पत्र उघडायला लावलं. पौलाने ते कैदेत असताना लिहिलं. फिलिप्पै ही रोमन वसाहत, निवृत्त सैनिकांना वसवलेली. तिथली मोठी माणसं आपली पदं आणि मानमरातब दगडावर कोरून घेत. तसे शिलालेख तिथे सापडले आहेत. अशा गावातल्या लोकांना पौल सांगत होता की ख्रिस्ताने दासाचं रूप घेतलं. हे ऐकून मला फार धीर आला. फ्लेक्स आपल्याच काळात आले असं मला वाटत होतं.

गुण विचारले तर काय सांगायचं, हेही मी विचारलं, कारण “ठीक पडले” म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटायचं. टीचर म्हणाल्या, “अगं, जे आहे ते सांग आणि थांब.” सोळाव्या शतकातल्या आविलाच्या संत तेरेजाने नम्रता म्हणजे सत्यात चालणं असं मानलं होतं, हे त्यांच्याकडूनच कळलं. तेव्हापासून टक्के सांगते आणि समोरच्याला त्याचं विचारते. हे एवढं मला जमतंय.

खरा धक्का पवित्र गुरुवारी बसला. पाय धुण्याच्या विधीसाठी निवडलेल्या बारा जणांत मी होते. पूर्वी नियमाप्रमाणे तिथे पुरुषच बसायचे. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला. मला वाटलं होतं, यात माझं काम काय? नुसतं बसायचं. पण माझ्या आजोबांच्या वयाचे फादर हळूहळू गुडघ्यांवर टेकले आणि माझी टाच हातात धरली, तेव्हा पाय मागे घ्यावासा वाटला. माझ्या टाचेला भेगा होत्या आणि सगळं देऊळ बघत होतं. आणि येशूचा शिष्य पेत्र आठवला. येशू पाय धुवायला आला तेव्हा त्यानेही आधी नकोच म्हटलं होतं. पाय धुणं हे त्या काळी दासाचं काम, गुरूकडून ते करून घेणं त्याला सहन होईना. मदत करायला मी कायम पुढे असते, करून घ्यायला कधीच नाही, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसलं. घरी आल्यावर आईने डोक्याला तेल लावू का विचारलं. एरवी मी “राहू दे, मी लावते” म्हणते. त्या रात्री गपचूप तिच्यापुढे बसले.

तरी एक पेच सुटलेला नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या. सहाव्यात म्हणतो, दानधर्म लोकांना दिसावा म्हणून करू नका. ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही मुलांनी देवळाचं आवार झाडलं. त्याचा फोटो युवा गटाच्या पानावर आला, त्यात मी पुढेच आहे. काढायला सांगितलं तर त्याचीच चर्चा होईल, ठेवला तर लोक शाबासकी देणार. फोटो अजून तिथेच आहे. तुमच्यापैकी कुणी या दोन अध्यायांच्या मधून वाट काढली असेल, तर मला नक्की सांगा.