रापणीचा दोर

भाची लग्नानंतर तुर्कस्तानात फिरून आली आणि बोद्रुमचे फोटो धरमपेठेतल्या आमच्या घरी हातोहात फिरले. निळंशार पाणी, उतारावर पांढरी घरं, बंदराच्या तोंडाशी दगडी किल्ला. आईनं चष्मा पुसून पुसून ते सगळे पाहिले आणि म्हणाली, "मले पन एकदा समुद्र दाखव. तो नाही दिसला तं आपल्या इकडचा चालते."

सत्तरी उलटलेल्या माझ्या आईनं समुद्र पाहिलेला नव्हता. विदर्भात हे नवल नाही. तिचं लहानपण भंडारा जिल्ह्यात एका मालगुजारी तलावाच्या काठी गेलं आणि लग्नानंतर ती नागपूरला आली. तिथल्या फुटाळा तलावाच्या काठाला आम्ही चौपाटी म्हणतो, पण आई ते कधीच मानत नाही. "पलीकडचा काठ दिसते, तो कायचा समुद्र?" हे तिचं उत्तर ठरलेलं.

मी मालवण निवडलं, त्यामागे बोद्रुमच होतं. आज जगभरातले लोक सुट्टी घालवायला जातात ते बोद्रुम मूळचं मासेमारांचं आणि समुद्रात बुडी मारून स्पंज काढणाऱ्यांचं गाव. तिथला किल्ला पंधराव्या शतकात सेंट जॉनच्या सरदारांनी बांधायला घेतला, आणि त्यात प्राचीन हालिकार्नासच्या जगप्रसिद्ध समाधीचे दगड वापरले. १९२५ साली जेवात शाकिर नावाच्या लेखकाला शिक्षा म्हणून तिथे धाडलं होतं. तो त्या गावाच्या प्रेमातच पडला आणि 'हालिकार्नासचा मच्छीमार' या नावानं लिहू लागला. भाचीला मी विचारलं, मासेमार भेटले का गं? ती म्हणाली, "मावशी, मासे भेटले, मासेमार नाही दिसले." ते वाक्य माझ्या मनात राहिलं. मालवणलाही समुद्र आहे, किल्ला आहे, मासेमारांची वस्ती आहे आणि पर्यटकही आहेत. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि तेव्हापासून माणसांचा ओघ वाढतोच आहे.

नागपूर-मडगाव गाडीनं आम्ही कुडाळला उतरलो. दुपारी नागपूर सोडलं की दुसरी दुपार गाडीतच होते. राज्य तेच, पण वर्धेचा कापूस मागे टाकून चिपळूणच्या पुढचे बोगदे लागले तेव्हा आई खिडकीला जी चिकटली ती कुडाळपर्यंत. कुडाळहून मालवण एसटीनं तासाभराच्या आसपास.

राहायला दांडीच्या किनाऱ्याजवळ एका मासेमार कुटुंबाच्या घरातल्या दोन खोल्या मिळाल्या. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेमुळे अशी घरं कोकणात पुष्कळ झाली. जेवायला काय आहे, असं मी पहिल्या संध्याकाळी विचारलं, तर घरच्या काकूंनी शांतपणे सांगितलं, "आज मासो गावाक नाय. दर्यान दिल्यान तर खावचा, नायतर डाळभात." त्या रात्री आम्ही डाळभात, बटाट्याची भाजी आणि सोलकढी जेवलो. मला त्या घराबद्दल विश्वास वाटला तो तेव्हाच. त्यांनी बर्फातला शिळा मासा माझ्या ताटात वाढला नाही.

सकाळी आईनं समुद्र पाहिला. पाण्यापासून दहा पावलं अलीकडे ती थांबली, पदर कमरेला खोचला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. "किती पानी हाय बाप्पा," एवढंच बोलली. आणि लगेच तिचं लक्ष पाण्यावरून किनाऱ्यावरच्या माणसांकडे गेलं, कारण तिथे रापण ओढणं चाललं होतं.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी ते समुद्रात अर्धवर्तुळात टाकत जाते आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर राहतात. मग दोन रांगा लागतात. म्हातारे, तरणे, पोरं, बायका, ज्याला हात आहेत तो दोराला लागतो. पाय वाळूत रोवून एकेक पाऊल मागे जायचं, रांगेच्या शेवटी पोचलं की दोर सोडून पुन्हा पाण्याच्या टोकाशी यायचं. जाळं जवळ येतं तशा दोन्ही रांगाही एकमेकींकडे सरकतात. हे काम घाईनं होत नाही. एक बाजू पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली तर मासा निसटतो.

आईनं मला काही विचारलं नाही. चपला काढल्या आणि सरळ जाऊन दोर धरला. मी घाबरले, तिचे गुडघे दुखतात. पण रांगेतल्या एका आजोबांनी तिला आपल्या पुढे जागा करून दिली. तिचा हात दोरावर जसा बसला ते बघून मला पहिल्यांदाच कळलं की हे तिनं आधी केलेलं आहे. लहानपणी गावचा तलाव मारायचे तेव्हा ढिवरांच्या पोरींबरोबर तीही जाळं ओढायला उतरायची. घरून मार खायची, पण उतरायची. एवढ्या वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती, आता दोर ओढता ओढता शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती.

जाळं वाळूवर आलं. मधल्या फुगीर भागात चांदीसारखी तडफड. बहुतेक पेडवे आणि तारल्या, थोडे बांगडे. टोपल्या घेऊन बसलेल्या बायका पुढे सरसावल्या, निवड झाली, लिलाव झाला. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या माणसांचे वाटे. आई हे सगळं कान देऊन ऐकत होती. "अवं, आपल्या तलावावरही असंच होये," ती म्हणाली. इतक्यात त्या आजोबांनी ओंजळभर तारल्या आणून तिच्या पदरात टाकल्या. मी पैसे काढू लागले, तर ते रागावलेच. दोराला हात लावला, वाटा मिळाला, त्यात पैशाचं काय? दुपारी काकूंनी त्याच तारल्यांचं तिरफळ घातलेलं तिखलं केलं. सावजी तर्रीवर वाढलेल्या जिभेला तिरफळाचा तो झणका नवा होता. आईनं दोनदा भात घेतला.

सिंधुदुर्ग किल्ला आम्ही दुसऱ्या सकाळी पाहिला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कामाला सुरुवात झाली आणि १६६७ मध्ये तो उभा राहिला. पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं. दरवाजा तटात असा दडवलेला, की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. खाऱ्या पाण्यानं वेढलेल्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. राजाराम महाराजांनी १६९५ साली बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात आई खूप वेळ बसली. तटावरून तिला पद्मगड दाखवला, पण तिचं लक्ष होड्यांकडेच होतं.

मला काकूंच्या घरात संध्याकाळी ऐकलेलं अधिक सांगायचं आहे. रापणीला पूर्वीसारखा मासा येत नाही. किनाऱ्याकडे येणारे मासे बाहेरच पर्ससीन जाळ्यांत आणि प्रखर दिव्यांच्या बोटींत अडकतात. २०१६ साली राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी झगडा संपलेला नाही. त्याआधी, १९८७ साली, किल्ल्याभोवतालचं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य जाहीर झालं. तिथे प्रवाळ आहे, ते पाहायला लोक पाण्याखाली उतरतात. पण आपल्या मासेमारीवर बंदी येईल या भीतीनं इथल्या मासेमारांनी त्याला सुरुवातीपासून विरोध केला. प्रवाळ जपलं पाहिजे, हे मला पटतं. पण पिढ्यान् पिढ्या या पाण्यावर जगलेल्यांना न विचारता ते जपता येईल, असं मला वाटत नाही. काकूंचा धाकटा मुलगा आता पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला होडी नेतो. त्यात पैसा नक्की मिळतो, पण रापणीला दोन हात कमी झाले.

पहिल्या सकाळी दोर ओढला जात असताना काही पाहुणे जाळ्यात पाय अडकवून फोटो काढत होते आणि दोन्ही रांगा थांबून होत्या. तो किनारा म्हणजे त्या माणसांचं शेत आहे. आपल्या धानाच्या बांधीत कोणी असं शिरलं तर आपण काय म्हणू?

म्हणून विदर्भातून जाणाऱ्यांना माझं मनापासून सांगणं आहे. समुद्रासाठी तुर्कस्तानात जरूर जा, पण मालवणलाही जा, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या. मासेमारांच्या घरी उतरा. जेवणाची फर्माईश करण्याआधी आज काय आलं आहे ते विचारा. रापण लागली असेल तर जाळ्यापासून दूर उभे राहा, आणि कोणी बोलावलं तर दोराला हात लावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात जात नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले.